पट्टीच्या आत

माझी धाकटी बहीण सायकलच्या रस्त्यांना स्वतःची नावं ठेवायची.

मी पुण्यात रस्त्यांची ड्रॉइंग करणाऱ्या एका ऑफिसात काम करते. डिप्लोमा झाला, नोकरी लागली आणि दोन मैत्रिणींबरोबर खोली करून राहता राहता सात वर्षं निघून गेली. शहरात सायकलींसाठी वेगळे मार्ग करायचं ठरलं तेव्हा त्यातले काही रस्ते आमच्या साहेबांकडे आले आणि तिथून माझ्या कॉम्प्युटरवर. बहिणीचा रोज संध्याकाळी फोन यायचा. "आज काय काढलंस?" हा तिचा पहिला प्रश्न.

ऑफिसात या मार्गांना लांबलचक इंग्रजी नावं होती. तिला ती पटली नाहीत. मी समजावून सांगितलं की एका प्रकारात चालू रस्त्याच्याच कडेला रंग मारून सायकलींना जागा सोडतात. ती म्हणाली, "म्हंजे पट्टी." दुसऱ्यात गाड्या आणि सायकली यांच्यामध्ये दगड बसवतात नाहीतर खांब रोवतात. "तो कठडा." तिसरा फुटपाथच्या उंचीला उचललेला असतो. "ओटा." आणि चौथा रस्त्याशी काही संबंध न ठेवता नदीच्या कडेनं, बागेतून किंवा कालव्यावरून जातो. "ही एकली," म्हणाली. "माझी हीच."

तिची खरंच तीच होती. आमची वस्ती पिंपरी पेंढारहून ओतूरकडे जाताना लागते. खाली हायवे, वर कालवा, मध्ये आमची शेतं. कालव्याच्या कडेनं एक मुरमाचा रस्ता जातो, एखादी जीप जाईल एवढा. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला ऊस आणि घाणेरीची झुडपं. हायवेपेक्षा लांब पडायचा, पण ती शाळेपासून त्याच रस्त्यानं सायकलवर जायची. आधी शाळा, मग कॉलेज, मग नोकरी, सगळं ओतूरलाच.

ओतूरला ती एका लॅबमध्ये रक्त घ्यायचं काम करायची. उपाशीपोटी रक्त द्यायला माणसं सकाळी सातपासून येऊन बसतात, म्हणून तिला सव्वासहालाच घर सोडावं लागे. आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, दोनदा स्कूटी घेऊ म्हटलं. दोन्ही वेळा ती नको म्हणाली. "स्कूटीवरनं उतरलं की हात थरथरतात, मग शीर सापडत न्हाई." हे कारण खरं होतं की सायकल सोडवत नव्हती म्हणून शोधून काढलेलं, ते मला अजून ठाऊक नाही. हात मात्र तिचा हलका होता. लोक दारातूनच विचारायचे, "ती पोरगी आली का?" नसली तर बाकावर बसून राहायचे. लहान मुलांना ती सुई लावायच्या आधी विचारायची, "तुमच्या गोठ्यात जनावरं किती रे?" पोरगं मनात गुरं मोजायला लागायचं, तोवर हिचं काम झालेलं असायचं.

एकदा ती दोन दिवसांची सुट्टी काढून माझ्याकडे आली. आल्या आल्या म्हणाली, "मला देवळं नको, मॉल नको. तू काढलेला रस्ता दाखव."

मैत्रिणींच्या सायकली मागून आम्ही दोघी रविवारी सकाळी निघालो. मी ज्याच्यावर तीन महिने काम केलं होतं तो मार्ग ओट्याचा होता. तांबडा रंग, मध्ये सायकलचं चित्र. सुरुवातीला ती इतकी खूश झाली की हँडलवरचे दोन्ही हात सोडून चालवायला लागली. मग वडापावची गाडी आली. उतरलो, वळसा घातला, परत चढलो. मग एक मोटारसायकलवाला समोरून त्याच मार्गानं आला आणि आमच्याच अंगावर ओरडला. पुढं दोन कार चढवून ठेवलेल्या. आणि त्याच्यापुढं मार्गाच्या बरोबर मधोमध विजेचा डीपी बॉक्स, त्याला टेकून एक माणूस पेपर वाचत बसलेला.

"ताई, ह्यो पण तूच काढला का?" तिनं डीपीकडे बोट दाखवून विचारलं.

"कागदावर नव्हता तो इथं."

ती एवढी हसली की पेपरवाला माणूसही हसायला लागला. तिथंच एका टपरीवर आम्ही चहा घेतला. मला वाईट वाटलंय हे तिच्या लक्षात आलं असावं. ती म्हणाली, "ओटा चांगलाच हाये गं. पण एक सांगू का? पट्टी काढतेस ना, ती काढत नको जाऊस. ओट्यावर चढायला निदान कष्ट पडतात. पट्टीवर कोणीपण येऊन बसतं."

मी म्हटलं, "जागा नसली की पट्टीच काढावी लागते."

"मग काढूच न्हाई. लोकांना वाटतं आपली सोय केलीय."

हे बोलणं झालं तेव्हा ते मला एवढं मोठं वाटलं नव्हतं.

त्यानंतर काही दिवसांनी ती लॅबच्या डॉक्टरांबरोबर तपासणी शिबिरासाठी डोंगरावरच्या आहुपे गावाला गेली. तिथं मोबाइलला रेंज नव्हती, म्हणून दुसऱ्या दिवशी ओतूरला आल्यावर तिचा फोन आला, आणि तोही नेहमीपेक्षा लांबला. तिथल्या बायकांच्या अंगात रक्त किती कमी आहे हे सांगून झालं, नाचणीची भाकरी कुणी खाऊ घातली ते सांगून झालं. मग म्हणाली, "तिथं देवराई हाये बघ. कुंपण न्हाई, बोर्ड न्हाई, रंग न्हाई. पण पडलेली काटकीसुद्धा कुणी घरी आणत न्हाई. मी एका म्हातारीला विचारलं, राखतं कोण? ती म्हणली, राखायचं काय त्यात, ते आमचं न्हाईच."

"मग?"

"मग काय न्हाई. तुझ्या पट्टीला असं काय तरी पायजे व्हतं, एवढंच."

त्या वर्षी आमच्या भागात ऊसतोड लवकर सुरू झाली. ऊस तुटला की त्यात राहणारे बिबटे उघड्यावर येतात. एका शेतातून दुसऱ्या शेतात जाताना पाणी प्यायला कालव्यावर येतात. आमच्याकडे हे दर वर्षीचंच आहे. लहान मुलांना अंधार पडल्यावर अंगणात सोडत नाहीत, गोठ्याला जाळी लावतात. पण त्या वर्षी शेजारच्या वस्तीवरचं वासरू बिबट्यानं दिवसाढवळ्या नेलं, आणि दोनच दिवसांनी बहिणीला कालव्यावर बिबट्या दिसला. ती सायकलवरून उतरून उभी राहिली. तो रस्ता ओलांडून घाणेरीत शिरला. मग ती सायकलवर बसून कामाला गेली. संध्याकाळी मला तिनं हे अशा सुरात सांगितलं, जसं एखादा ओळखीचा माणूस भेटला होता.

"मी थांबले, त्यो गेला. मला बघितलं पण न्हाई नीट."

तिचा फोन ठेवते न ठेवते तोच आईचा आला. आई रडत होती. "तुझं ऐकती ती. तू सांग तिला. सकाळचं अजून नीट दिसत बी न्हाई, तवा जाती. वाघानं धरली तर काय करू मी? आता खालचा हायवे केवढा मोठा केलाय, येती-जाती वाहनं असत्यात, माणसं असत्यात. तिकडनं जायला सांग."

हायवेचं रुंदीकरण नुकतंच झालं होतं. कडेला पांढरी रेघ मारून डांबराचा जास्तीचा पट्टा सोडलेला होता. दिवाळीत घरी गेले तेव्हा मी तो बघितला होता. नजरेनंच माप घेतलं होतं, कामाची सवय. दीड मीटर तरी होता.

मी तिला परत फोन लावला.

"खालून जात जा गं काही दिवस. तोड संपेपर्यंत."

"ताई, ती पट्टी हाये."

"पट्टी आहे, पण रुंद आहे. शहरात सुद्धा एवढी मिळत नाही."

"पट्टीवर कोणीपण येऊन बसतं. तुला सांगितलं व्हतं मी."

"तू पांढऱ्या रेघेच्या आत राहा. कडेला धरून. बिबट्यापेक्षा तर बरं ना?"

मग मी ते वाक्य म्हटलं. म्हटलं, "मी हेच काम करते. मला कळतं यातलं."

"बरं," ती म्हणाली. "तू म्हणतीस तर."

ती रोज खालून जायला लागली. आईनं मला दोनदा फोन करून सांगितलं की आता जिवाला शांत वाटतं. तीन आठवडे झाले असतील.

त्या दिवशी सकाळी धुकं होतं. उसाची एक ट्रॉली, टायर फुटला म्हणून, रात्रीच कडेला लावून ठेवलेली. पांढऱ्या रेघेच्या आत, पट्टा पूर्ण व्यापून. मागं लाल कपडा नाही, दगड नाही, काही नाही. ट्रॅक्टर सोडून नेलेला. ती जवळ आल्यावर तिला ट्रॉली दिसली असणार, आणि वळसा घालायला ती रेघेच्या बाहेर आली. मागून भाजीचा टेम्पो येत होता. त्याला धुक्यात ती दिसलीच नाही, असं टेम्पोवाला पुढं रडत सांगत होता. मला तो खोटं बोलतोय असं वाटलं नाही. मला कुणाचाच राग करता आला नाही, कारण तिथून जायला तिला कुणी लावलं होतं ते मला माहीत होतं.

फोन चुलतभावाचा आला. मी नुकतीच ऑफिसात येऊन कॉम्प्युटर सुरू केला होता. तो म्हणाला, "तू निघ. आळेफाट्याला उतर, मी येतो." मी विचारलं, "कशी आहे?" तो म्हणाला, "तू निघ फक्त." एसटीत खिडकीशी बसून मी सगळा रस्ता बाहेर बघत होते. राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव. कडेच्या पांढऱ्या रेघेवर जे जे उभं होतं ते सगळं मला त्या दिवशी दिसलं. उसाच्या रसाची गाडी, मोटारसायकली, वाळूचा ढीग, एसटीची वाट बघणारी माणसं, एक बैल. आळेफाट्याला चुलतभाऊ गाडी घेऊन उभा होता. मला बघून त्यानं तोंड फिरवलं, तेव्हा कळलं.

तिची सायकल नंतर कुणीतरी घरी आणून गोठ्याच्या भिंतीला लावली होती. सायकलला फार काही झालं नव्हतं. मागचं चाक वाकलं होतं.

नंतरचे दिवस माणसांचे होते. एवढी माणसं आमच्या दारात पूर्वी कधी आली नव्हती. ओतूर, आजूबाजूच्या वाड्या, थेट आहुप्याकडची दोन माणसं. घोंगडीवर बसायची आणि थोड्या वेळानं कुणीतरी बाही वर करायचं. "हितनं घेतलं व्हतं माझं रगत. कळलं बी न्हाई." एका म्हाताऱ्यानं आबांना कोपराच्या आतली जागा दाखवली आणि तसाच हात पुढं धरून बसून राहिला. आबांनी तो हात हळूच हातात घेतला. मी दाराआडून बघत होते. मला वाटत होतं, उठावं आणि सगळ्यांसमोर सांगावं की ती मला नको म्हणाली होती. पण मी चहाचे कप आत-बाहेर करत राहिले.

तेराव्यानंतर पाहुणे गेले. घरात आम्ही तिघंच. दुपारी आई निवडायला तांदूळ घेऊन बसली होती, निवडत मात्र नव्हती. मी समोर बसले आणि म्हटलं, "आई, ती नको म्हणाली होती. ती पट्टी धड नाही असं मला म्हणाली होती. मीच तिला जा म्हटलं."

आईनं वर बघितलं. "तुला कुणी सांगितलं व्हतं तिला सांगायला?"

"कुणीही सांगितलं असेल. मला माहीत होतं ना त्यातलं."

"मी सांगितलं," आई म्हणाली. "मी रडले तुझ्यापाशी. माझं भ्याव मी तुझ्या हातानं तिच्यापतुर पोचवलं." आणि मग तिनं ताट बाजूला सारलं आणि मला जवळ ओढलं. आम्ही दोघी खूप रडलो. पण हेही लिहिलं पाहिजे की त्या रडण्यानं काही हलकं झालं नाही. आपण दोघींनीही केलं, एवढंच पक्कं झालं.

आबा ओसरीवर होते. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. बऱ्याच वेळानं ते आत आले, हंड्यातून तांब्याभर पाणी घेतलं, उभ्यानंच प्याले आणि म्हणाले, "येवढ्या वर्सांत बिबट्यानं तिला काय सुदिक केलं न्हाई." आमच्याकडे न बघता बोलले आणि बाहेर गेले. दोष देण्यासाठी म्हणाले नव्हते. त्यांना फक्त ते तेव्हा लक्षात आलं होतं.

पुण्याला परतायच्या आदल्या दिवशी मी टेप घेऊन त्या जागी गेले. आबा बरोबर आले. त्यांनी टेपचं टोक डांबराच्या काठावर धरलं, मी रेघेपर्यंत नेलं. एक मीटर सत्तर. पट्टीसाठी नियमांच्या पुस्तकात सांगितलेली असते त्यापेक्षा जास्तच. मी तो आकडा बघत उकिडवी बसून राहिले. आबा म्हणाले, "उठ आता. गाड्या येत्यात."

हायवेचं काम बघणाऱ्या सरकारी ऑफिसात मी अर्ज केला, सोबत नकाशा जोडला. वस्तीपासून ओतूरपर्यंत निदान कठडा तरी करावा, जिथं जागा नाही तिथं कालव्याचा रस्ता सायकलींसाठी दुरुस्त करावा, झुडपं काढून नजर मोकळी करावी. तिच्या चारही प्रकारांतला कुठला कुठं बसतो ते मी नीट काढलं होतं. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात चांगलं ड्रॉइंग आहे. टेबलामागच्या साहेबांनी ते दोन्ही हातांनी धरून पूर्ण बघितलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "मॅडम, ड्रॉइंग एक नंबर आहे. पण या रस्त्याला सायकली चालवतंय कोण आता? मोजायला गेलो तर दिवसाला पाचसुद्धा भरणार नाहीत." मी म्हटलं, "एक कमी झालीय." त्यांनी अर्ज ठेवून घेतला. काही महिन्यांनी तिथं 'वाहने सावकाश चालवा' असा बोर्ड लागला.

ऑफिसात मी परत गेले तेव्हा एका अरुंद रस्त्याचं काम माझी वाट बघत होतं. दोन्हीकडे दुकानं, मध्ये जागा नाही. अशा ठिकाणी पट्टीच काढतात. मी रेघ ओढली, पुसली. परत ओढली, परत पुसली. संध्याकाळपर्यंत एवढंच केलं. दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगितलं की मला सायकलींचं काम देऊ नका. त्यांनी कारण विचारलं नाही, त्यांना माहीत होतं. आता मी सांडपाण्याच्या पाइपांची ड्रॉइंग करते. संध्याकाळी सात वाजता फोन हातात घ्यायची सवय अजून गेलेली नाही.

आबांनी मला न सांगताच एक काम सुरू केलं होतं. रोज दुपारी कोयता घेऊन कालव्यावर जायचं आणि घाणेरी तोडायची. आईनं मला कळवलं तेव्हा एक फर्लांगभर झाली होती. पुढं ज्यांचा ऊस होता त्यातल्या दोघांनी कालव्याकडच्या दोन सऱ्या ऊस न लावता सोडून दिल्या, लांबचं दिसावं म्हणून. एकानं नाही म्हटलं. आबा त्याच्याशी भांडले नाहीत, त्याच्या बांधापर्यंत तोडून पुढच्या शेतापासून परत सुरुवात केली. एक पावसाळा गेला, घाणेरी पुन्हा वाढली, त्यांनी पुन्हा तोडली. वस्तीवरच्या पोरी मात्र त्या रस्त्यानं जात नव्हत्या. बहिणीचं झाल्यावर प्रत्येक घरानं आपापल्या मुलीची सायकल बंद केली होती. कुणी स्कूटी घेतली, कुणी व्हॅन लावली, दोघींचं कॉलेजच सुटलं. त्या दोघींचं ऐकलं तेव्हा मी दोन दिवस जेवले नाही. ते नुकसान त्या अपघाताच्या हिशेबात कुणी धरणार नव्हतं.

मी एकदा आबांना म्हटलं, "आबा, कुणी जात नाही तर कशाला करता? पाय दुखतात तुमचे."

ते म्हणाले, "घरी बसून तरी काय करू."

या वर्षी तोड संपल्यावर एका रविवारी मीच त्यांना फोन केला. आई पलीकडे भांडी घासत होती, आवाज येत होता. आबांनी उन्हाचं सांगितलं, कांद्याचं सांगितलं, गाय व्याली ते सांगितलं. मग म्हणाले, "आज तीन पोरी गेल्या कालव्यावरनं. त्या कॉलेज सोडलेल्यातली एक व्हती त्यात. परत नाव घातलंय म्हणं."

भांड्यांचा आवाज थांबला.

"सायकलवर?"

"सायकलवर."

"कशा होत्या आबा? घाबरून जोरात चालवत होत्या का?"

"न्हाई गं," ते म्हणाले. "गप्पा मारत चालल्या व्हत्या. मला म्हणल्या, आबा, बाजूला व्हा."

फोन दोघांनीही ठेवला नाही, आणि तिकडं आईनं नळ बंद केला.